दुपारीच बंद पडणारा कॉम्प्युटर

दुकानात शिरलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे. मागे भिंत होती. तिथं कोणी नाही याची खात्री झाली की विचारायचा, "साहेब नाहीत का?" सुरुवातीला मी म्हणायचे, "मीच दुरुस्त करते." पुढं पुढं त्याचाही कंटाळा आला. मग म्हणायला लागले, "साहेब जेवायला गेलेत, तोवर मी बघून ठेवते." साहेब कधी जेवून परत आले नाहीत आणि कॉम्प्युटर आपले दुरुस्त होऊन जात राहिले.

नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझं हे दुकान होतं. 'होतं' म्हणायची सवय अजून लागायची आहे. परवा-परवापर्यंत तिथं मी लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचे, आणि लोकांनी स्वतः जोडलेले बिघडले की ते निस्तरायचे. दुसरं काम जास्त आवडीचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरी जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यात एक मोठी पाटी बसवायची, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, चित्रं दाखवणारं कार्ड. खाली वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय. बाकी मग तारा आणि स्क्रू. हल्ली सगळं घरपोच मिळतं, आणि जोडायचं कसं ते व्हिडिओत दिसतं. व्हिडिओतल्या माणसाचा कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू होतो. आपला होत नाही, किंवा होतो आणि मधेच मान टाकतो.

जुना कॉम्प्युटर बिघडतो तो थकून. पंख्यात धूळ, वायरी कडक झालेल्या, त्याचं कारण डोळ्यांना दिसतं. नवा बिघडतो तो गैरसमजातून. गंगापूर रोडलाच राहणारे एक काका होते. त्यांचा नवाकोरा कॉम्प्युटर चहा उकळायला लागेल तेवढा वेळ चालायचा आणि बंद व्हायचा. पेटी उघडली तर प्रोसेसरवरचा गरमी खेचून घेणारा जो पंखा असतो, त्याच्या बुडाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा तसाच. तो काढूनच पंखा बसवायचा असतो, नाहीतर गरमी पंख्यापर्यंत पोचणार कशी?

"काका, हे प्लास्टिक काढलं नाहीत?"

"नवीन आहे ना," काका म्हणाले. "म्हटलं, खराब व्हायला नको."

त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोटही पिशवीत होता. मी पापुद्रा काढला तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं.

मखमलाबादकडचे एक शेवंतीवाले होते. मळा सांभाळून लग्नाचे व्हिडिओ जोडायचा उद्योग करत. त्यांनी स्वतः जोडलेली पेटी सुरूच होईना. म्हणाले, "ताई, बाकी सगळं बरोबर हाय, फक्त कंपनीनं एक स्क्रू कमी दिला." तो स्क्रू मदरबोर्डच्या पाठीमागं पडून सगळी वीज अडवून बसला होता. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. मग दर दसऱ्याला माझ्या दुकानाला शेवंतीचं तोरण यायचं, न सांगता.

या धंद्यात मला एक गोष्ट फार लवकर कळली. मशीनची चौकशी करायच्या आधी घराची करावी. बंद पडतो तेव्हा घरात कोण असतं, पाण्याची मोटार चालू असते का, शेजारी कोणी वेल्डिंग करतं का. लोक म्हणायचे, बाई फार बोलते. पण निम्मे बिघाड मला पेटी न उघडताच सापडले आहेत.

इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि दुकान सोडावं लागलं. तशीही गिऱ्हाइकं विरळ झाली होती. लोक लॅपटॉप घेतात, बिघडला की टाकतात. नवीन जागा शोधायची उमेद माझ्यात राहिली नव्हती. मुलगी पुण्याहून म्हणाली, "आई, आता आराम कर." मी केला. आराम करताना माझ्या लक्षात आलं की माझे हात कुठं ठेवायचे ते मला माहीत नाही. बँकेत गेले तरी काउंटरमागच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय का, कान तिकडे. घरातला मिक्सर मी विनाकारण दोनदा उघडला. आमचे हे म्हणाले, "एकदा बिघडवून टाक बिचाऱ्याला, म्हणजे त्याचीही सुटका होईल."

अशात येवल्याहून मनीषाचा फोन आला. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ती बहीण. "ताई, तुम्ही दुकान बंद केलंय ते माहितेय मला, पण..." म्हणाली. तिच्या त्या 'पण'वर मी स्टुलावरून उठून उभी राहिले.

मनीषा पैठणीची नक्षी काढते. तिच्या सासरी सगळे विणकर, पण ती सून म्हणून आली ती चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन. पूर्वी मोर, पोपट, कमळ हे सगळं चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढायचे, मग विणकर त्यावरून विणायचा. मनीषा तेच कॉम्प्युटरवर करते. वर गिऱ्हाइकाला ती साडी नेसल्यावर कशी दिसेल याचं चित्रही बनवून देते. त्या चित्रासाठी कॉम्प्युटरला बराच वेळ एकसारखं राबावं लागतं. नवऱ्यानं, संतोषनं, सुटे भाग मागवून तिला एक दणकट मशीन जोडून दिलं होतं. तिला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर एका व्यापाऱ्याचं काम मिळालं होतं, लग्नसराईसाठी नव्या पदरांचं. आणि मशीन बंद पडत होतं.

"कधी बंद पडतं?" मी विचारलं.

"दुपारी, ताई. फक्त दुपारी. सकाळी मी कितीही काम केलं तरी काही होत नाही. दुपारी ते साडीचं चित्र बनवायला लावते आणि यांचा डबा घेऊन दुकानात जाते. परत येते तर स्क्रीन काळी. सगळं पुन्हा पहिल्यापासून."

संतोष एकदा नाशिकला आला तेव्हा पेटी माझ्याकडे ठेवून गेला. मी ती जेवणाच्या टेबलावर मांडली आणि आम्ही दोघं किती दिवस मांडीवर ताट घेऊन जेवलो. मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, तपासल्या. कार्ड तपासलं. रात्रंदिवस राबवलं. एकदाही बंद पडलं नाही. संतोषनं तारा इतक्या सुबक बांधल्या होत्या की त्या सोडवायला मन धजलं नाही. पेटी येवल्याला परत गेली आणि दुसऱ्याच दुपारी बंद पडली.

फोनवरून मी बरंच काही करून बघितलं. लाइट गेली तर मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा बदलायला लावला, प्लग दुसऱ्या भिंतीला लावायला लावला. काही फरक नाही. मग एके सकाळी मनीषाचा पुन्हा फोन. आवाज खाली आणलेला.

"ताई, यांनी कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं. म्हणतात, कोपऱ्यात हवा लागत नाही म्हणून गरम होतंय. आतल्या खोलीत तात्यांचा, माझ्या सासऱ्यांचा माग आहे, तो काढून मधली फळ्यांची भिंत पाडायची म्हणतात. उद्या सुतार येतोय."

"मग?"

"तात्या काही बोलत नाहीत. म्हणून मला कसंतरी होतंय."

मी त्याच सकाळी एसटीत बसले. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या पावलानं. मला मात्र फार दिवसांनी उशीर होत असल्याची काळजी वाटत होती आणि ती काळजी बरी वाटत होती.

मनीषाचं घर विणकरांच्या आळीत. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज, खट्-धप, खट्-धप. बाहेरच्या खोलीत फळ्यांच्या भिंतीला लावून एक टेबल आणि त्यावर तिचा कॉम्प्युटर. फळ्यांच्या पलीकडं आतली खोली, तिथं जमिनीत रोवलेला जुना माग, वर चादर टाकून झाकलेला. ओट्यावर बाजेवर तात्या बसलेले. उंच, वाळके. नजर गेलेली नाही, पण बारीक काही दिसत नाही, डॉक्टरांनी मागावर बसायला मनाई केलेली.

संतोष दुकानात जायच्या घाईत होता. "बघा ना ताई, केवढीशी जागा. माग काढला, ह्या फळ्या काढल्या की सगळं मोकळं. नाहीतरी मागावर आता बसतंय कोण?"

तात्या ओट्यावरून उठले आणि गल्लीत चालते झाले.

मी पेटीचं तापमान मोजलं. गरमी बेताची होती. तसं संतोषला सांगितलं.

"मग काय आहे?"

"ते अजून मला माहीत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात हजारदा बोलले असेन. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, सुतार येणार होता.

दुपारी मनीषानं साडीचं चित्र सुरू करून दिलं आणि डबा घेऊन गेली. मी खुर्ची ओढून समोर बसले. स्क्रीनवर साडी हळूहळू उमटत होती, एकेक निरी. तात्या परत आले होते. ते दारात येऊन माझ्याकडे बघून गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले.

"चहा करू का बाई?"

"नको तात्या."

मग मीच विचारलं, "दुपारी लाइट जाते का हो तुमच्याकडे?"

"मला काय ठावं. मी आपला पडलेला असतो." मग जरा थांबून, "संतोषच्या दुकानात जाऊन या की. पैठण्या बघा. बायकांना लय आवडतं. हे कुठं पळून चाललंय?"

तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "जेवला नाय तुम्ही. मनीषा तिकडं वाट बघत असंल."

मशीन उत्तम चाललं होतं. मला खरंच भूक लागली होती. म्हटलं, जाऊन यावं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि लक्षात आलं की चष्मा टेबलावरच राहिलाय. परत फिरले.

ओट्यावर तात्या नव्हते. गल्लीभर मागांचा आवाज होताच, त्यामुळं आधी कळलं नाही. उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा कळलं की त्यातला एक आवाज याच घरातला आहे. खट्-धप. खट्-धप. टेबल थरथरत होतं. चष्मा उचलायला हात पुढं केला आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. पलीकडं आवाज चालूच.

मी फळ्यांना वळसा घालून आत गेले.

चादर बाजूला काढलेली. मागावर एक अर्धवट पैठणी ताणलेली, जांभळी, पदराला पोपटांची ओळ मधेच तुटलेली. तात्या मागावर बसले होते. पाय खाली पावड्यांवर, हात फणीवर. पावडी दाबायची, धागे वरखाली व्हायचे, फणी ओढून ठोका द्यायचा. पण आडवा धागा नेणारा धोटा बाजूला पडलेला. धागा ते घालतच नव्हते. नुसताच रिकामा ठोका. डोळे मिटलेले.

माझी चाहूल लागली तसे दचकले. हात फणीवरून काढून मांडीवर ठेवले.

"रोज बसता तात्या?"

"सूनबाई गेली की. घटकाभर." मग म्हणाले, "सांगू नका कुणाला. रिकाम्या मागावर बसतो म्हणलं तर म्हातारं येडं झालं म्हणतील."

त्यांच्या शेजारी पाटावर एका माणसाची जागा रिकामी होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना कळली असावी.

"पदर विणाया दोघं लागायचो," ते म्हणाले. "ती इकडून, मी तिकडून. पोपट संतोषच्या आईचे. ह्या पदराचे निम्मे करून उठली, म्हणली कंबर दुखती. पुन्हा बसली नाय."

 बोलण्यासारखं एकच होतं आणि ते कसं सांगावं कळेना.

"तात्या, तुमच्या ठोक्यानं कॉम्प्युटर बंद पडतोय."

त्यांना आधी समजलं नाही. मी फळ्यांना हात लावून दाखवलं. मागाचा आडवा वासा ज्या फळीत अडकवलेला, तिलाच पलीकडून मनीषाचं टेबल ठोकलेलं. ठोका बसला की टेबल हलतं, टेबल हललं की पेटी.

"माझ्यामुळं?" तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा उतरत गेला. "ती पोर रोज रडकुंडीला येती, ते माझ्यामुळं?"

ते उठले. जपून, एकेक पाय वर काढत. चादर उचलून मागावर टाकायला लागले. "काढू द्या मग उद्या. संतोष म्हणतो ते बरोबर हाय."

त्यांनी चादरीचं एक टोक टाकलं आणि मी दुसरं धरून ठेवलं. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर काही गोष्टी मला अगदी पक्क्या ठाऊक आहेत. "थांबा तात्या," मी म्हटलं. "ठोक्यानं बंद पडतोय हे खरं. पण एवढ्याशा ठोक्यानं बंद पडायला नाही पाहिजे. चांगला जोडलेला कॉम्प्युटर असल्या हादऱ्यांना दाद देत नाही. आत काहीतरी ढिलं आहे. माझ्याकडे तो कधी बंद पडला नाही, कारण तिथं कोणी ठोका द्यायला नव्हतं. मला ते ढिलं काय ते शोधायचंय. तुम्ही बसा."

"बसू?"

"बसा आणि मी सांगीन तेव्हा मारा."

ते बसले. मी पलीकडं येऊन पेटीचं झाकण काढलं, मशीन सुरू केलं आणि मेमरीच्या पट्ट्यांवर बोट दाबून धरलं.

"मारा तात्या!"

धप. धप. चौथ्या-पाचव्या ठोक्याला स्क्रीन गेली. मेमरी नव्हे. पुन्हा सुरू केलं. कार्ड हातानं धरलं. "मारा!" गेली. मदरबोर्डवरची मोठी वायर धरली. गेली. फळ्यांपलीकडून तात्या विचारत होते, "गेला?" मी म्हणत होते, "गेला. हळू मारा आता. आता जोरात. थांबा." त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, पण हळू म्हटलं की नेमका हळू ठोका यायचा आणि थांबा म्हटलं की फणी हवेतच थांबायची. इतका चोख मदतनीस मला दुकानात कधी मिळाला नव्हता.

राहिला खालचा कप्पा. पॉवर सप्लायचा डबा तिथं झाकणाआड असतो. संतोषनं सुबक बांधलेल्या तारांचे बंध मी कापले, झाकण काढलं, मशीन सुरू केलं आणि डब्यात शिरणाऱ्या जाड वायरीच्या टोकावर अंगठा दाबला.

"मारा तात्या."

धप, धप, धप. स्क्रीन गेली नाही.

"मारत राहा!"

मारत राहिले. स्क्रीन तशीच. अंगठा काढला. तिसऱ्या ठोक्याला काळी.

त्या वायरीच्या टोकाला एक छोटीशी आकडी असते. वायर पूर्ण आत गेली की ती अडकते आणि खट् आवाज येतो. ही अडकलेलीच नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर राहिली होती. बघणाऱ्याला वाटावं, बसली आहे. स्वस्थ घरात ती जन्मभर चाललीही असती. मी दोन्ही अंगठ्यांनी ती दाबली. खट्.

असा आवाज ऐकून मला किती महिने झाले होते. मी क्षणभर तशीच खाली बसून राहिले.

"बाई?" पलीकडून तात्या.

"सापडलं तात्या. आता मारा. अंगात असेल तेवढ्या जोरानं मारा. बघू बंद पडतोय का."

त्यांनी मारले. आधी भीत भीत, मग दमदार. मी मशीन सुरू करून चित्र पुन्हा लावलं होतं, आणि स्क्रीनवर साडी पहिल्या निरीपासून उमटायला लागली होती. टेबल हलत होतं, माझा चष्मा टेबलावर सरकत होता, साडी उमटत होती. हळूहळू ठोक्यांना लय आली. तपासायला एवढे पुरे होते, पण थांबा म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही.

दारात मनीषा उभी होती. हातात रिकामा डबा. आवाज तिनं गल्लीतूनच ओळखला असावा. ती माझ्याकडे बघेना, चालू कॉम्प्युटरकडेही बघेना. सरळ आत गेली.

ठोका थांबला.

"सूनबाई," तात्या म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर मीच बंद पाडत होतो गं."

"तात्यांनी नाही," मी मागून म्हटलं. "वायर ढिली होती. त्यांनी ठोके दिले म्हणून ती सापडली."

मनीषानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. "तुम्ही रोज बसता?" तिनं विचारलं. "मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? धागा दिसत नाय, धोट्यातली कांडी भरता येत नाय. नुसतं बसतो."

मनीषा त्या तुटलेल्या पोपटांच्या ओळीकडे बघत राहिली. ही मुलगी दिवसभर पोपट काढायची. विणलेला मात्र तिनं एकही नव्हता.

"धागा मला दिसतो, तात्या," ती म्हणाली. "फक्त विणता येत नाही."

 ती पदर खोचून त्या रिकाम्या जागेकडं निघाली तसा तात्यांनी हात आडवा केला.

"तिथं नको."

ती थांबली. मला वाटलं, आता संपलं. तात्यांनी पाटावर हात टेकला आणि स्वतः सरकले. गुडघे दुखत होते, वेळ लागला. सरकत सरकत ते बायकोच्या जागेवर जाऊन बसले. मग आपली जागा हातानं झटकली.

"इथं बस. पावड्या इथनं हलत्यात."

मी बाहेर येऊन पेटीचे स्क्रू लावले. ते लावायला जेवढा वेळ लागतो त्याहून पुष्कळ जास्त लावला.

संध्याकाळी संतोष आला, तेव्हा मी त्याला वायर दाखवली. तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "आणि सुतार?"

"येऊ दे ना," मनीषा आतून म्हणाली. "माझं टेबल समोरच्या भिंतीला लावून देईल."

संतोषनं तात्यांकडं बघितलं, मग मागाकडं, आणि तो हातपाय धुवायला गेला. जाता जाता म्हणाला, "चादर तरी झटका, केवढी धूळ उडालीय."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. मी सगळी वर्षं एकटीनं काम केलं, आणि एकटीनं करते याचा मला अभिमान होता. पण त्या दिवशी डोळे मिटले की फळ्यांपलीकडून कोणीतरी विचारत होतं, "गेला?" आणि मी म्हणत होते, "नाही गेला. मारा अजून." वाटलं, हे थोडं आधी मिळायला हवं होतं. दुकान चालू होतं तेव्हा. निफाड आलं, उसाचा वास आला, आणि मी काहीही कारण नसताना डोळे पुसले.

मनीषाचं काम वेळेत गेलं. व्यापाऱ्यानं पुन्हा दिलं. अधूनमधून तिचा फोन येतो. पदर अजून चालूच आहे. आठवड्याला बोटभर सरकतो आणि त्यातलाही निम्मा तात्या उसवायला लावतात. त्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की चुकलेला धागा कळतो. म्हणतात, तिच्या पोपटाची मान अशी नव्हती.

"कधी पुरा होईल गं?" मी एकदा विचारलं.

"घाई कोणाला आहे, ताई?" ती म्हणाली. "तात्यांना तर मुळीच नाही."

प्रत्येक फोनच्या शेवटी मी विचारते, कॉम्प्युटर कसा चाललाय. प्रत्येक वेळी ती म्हणते, छान. मला बरं वाटतं आणि थोडं वाईटही. मागच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणं म्हटलं, "काही बिघडलं तर लगेच सांग हं. मी येते."

"तो बिघडतच नाही हो ताई," मनीषा हसली. मग म्हणाली, "तात्या विचारत होते तुम्हाला. काही न बिघडताच या ना एकदा."

येते म्हटलं. आमच्या ह्यांनी एसटीची वेळही विचारून ठेवली. जायच्या दिवशी सकाळी लवकर उठून मी माझी हत्यारांची पिशवी काढली, आणि तशीच हातात धरून उभी राहिले. काही बिघडलेलं नसताना मी आजवर कोणाच्या घरी गेलेच नव्हते. पिशवीत काय घ्यायचं तेच मला सुचेना.